पाणक्या किती अंतरावर थांबावा? प्रकल्प नोंदी, नाशिक

१६ जून २०२५

विभागाने आज प्रकल्पाला मंजुरी दिली. गंगापूर रोडच्या बाजूला ज्येष्ठ नागरिकांचं एक विरंगुळा केंद्र आहे. दुपारी तिथे पत्ते, वाचन, भजन चालतं. तिथल्या व्यवस्थापक ताई सांगत होत्या की गुडघ्यांमुळे उठणं नको वाटतं, म्हणून बरीच मंडळी पाणी प्यायचंच टाळतात. त्यांच्या खुर्चीपर्यंत पाण्याचे पेले नेणारा चाकांवरचा गाडा करायचा. माझ्या विद्यार्थ्यांनी नाव ठेवलंय ‘पाणक्या’.

गाडा बनवणं फारसं अवघड नाही. मोटारी, बॅटरी, ट्रे, सेन्सर, हे सगळं आमची मुलं करतील. मला या प्रकल्पात खरा रस आहे तो एका प्रश्नात: खुर्चीत बसलेल्या माणसापासून तो किती अंतरावर थांबला की त्या माणसाला बरं वाटेल, आणि हे अंतर यंत्राच्या कोणत्या गुणाने वाढतं, कोणत्या गुणाने घटतं. प्रोग्रॅममध्ये मुलांनी आधीच थांबण्याचं अंतर ५० सेंटिमीटर टाकून ठेवलंय. हा आकडा कुठून आणला असं विचारलं, तर उत्तर आलं, “सेन्सर तिथपर्यंत छान रीडिंग देतो, मॅडम.” सेन्सरची सोय बघून माणसाचं अंतर ठरवायचं नाही, एवढं आज वहीत लिहून घेतलं.

१९ जून

मुलांसोबत वाचन. सुरुवात एडवर्ड हॉलपासून. या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसामाणसांतल्या अंतराचे चार पट्टे मांडले. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जिव्हाळ्याची माणसं, १.२ मीटरपर्यंत मित्रमंडळी आणि घरची, ३.६ मीटरपर्यंत कामापुरता संबंध. त्यापुढे सभेचं अंतर. रोबोटवर काम करणारे अजूनही याच पट्ट्यांशी आपली मोजणी ताडून बघतात.

पण हॉलने स्वतःच सांगून ठेवलंय की हे आकडे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या प्रौढांना पाहून काढलेले आहेत. ते उचलून नाशिकच्या आजींना लावायचे नाहीत. सीबीएस बसस्थानकावर बसमध्ये चढताना आपण कुणाकडे ४५ सेंटिमीटर मागत नाही. तोच माणूस निवांत खुर्चीत बसलेला असताना परका कुणी हातभर अंतरावर येऊन उभा राहिला तर अंग आखडतं. म्हणजे जागा, प्रसंग, बसलेलं असणं की उभं असणं, सगळं मोजणीत धरावं लागणार.

ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठातलं काम या विषयात फार मोलाचं आहे. तिथे यंत्रासारख्या दिसणाऱ्या रोबोटजवळ बरीच माणसं जिव्हाळ्याच्या पट्ट्यापर्यंत बिनदिक्कत गेली. माणसासारखं डोकं-चेहरा असलेल्या रोबोटला मात्र लोकांनी किंचित लांब ठेवलं. रूप माणसाचं दिलं की माणसाचे नियमही लागू होतात, असा मी याचा अर्थ लावते.

यावरून मुलांमध्ये वाद. एकाला रबराचा चेहरा बसवायचा होता, आजोबांना आपलंसं वाटेल म्हणून. मी नको म्हटलं. मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं होत जाईल तशी आपुलकी वाढते, पण जवळजवळ माणूस वाटायला लागलं की ती एकदम कोसळते. पाणी द्यायला रबरी चेहऱ्याची गरज नाही.

२७ जून

अंबडच्या एका वर्कशॉपमधून सांगाडा आला. ॲल्युमिनियमचा सरकता खांब आहे, त्यामुळे एकाच गाड्याची उंची ७० सेंटिमीटरपासून १३० पर्यंत बदलता येते. ट्रेही वरखाली सरकतो. डोळ्यांसाठी दोन छोटे एलईडी पॅनल, ते एका सर्व्होवर, म्हणजे हव्या त्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटारीवर. मान वर करून चेहऱ्याकडे ‘बघता’ येतं किंवा खाली जमिनीकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे या कामाचं पथ्य.

अल्ट्रासॉनिक सेन्सरची अडचण आज कळली. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. भिंतीवर उत्तम चालतो. प्रयोगशाळेत एका मुलीने आजीची घडीची शाल खुर्चीवर टाकून बघितली, तर आकडे उड्या मारायला लागले. मऊ कापड आवाज शोषून घेतं, आणि तिरक्या निऱ्यांवरून तो भलतीकडेच परततो. आमचे सगळे ‘ग्राहक’ सुती साड्या, धोतर आणि शालीतले. त्यामुळे मोजणीसाठी लायडार, म्हणजे लेझरच्या उजेडाने अंतर मोजणारा सेन्सर वापरायचा, अल्ट्रासॉनिक फक्त मदतीला.

२ जुलै

पद्धत ठरली. माणूस नेहमीच्या खुर्चीत बसेल. यंत्र तीन मीटरवरून येईल. “आता पुरे” असं वाटलं की माणसाने हात वर करायचा किंवा ‘थांब’ म्हणायचं. त्या क्षणीचं अंतर म्हणजे त्याचं सोयीचं अंतर. जुनीच पद्धत आहे, माणसामाणसांतलं अंतर मोजायलाही वापरतात.

मोजायचं कुठून कुठे, यावर दुपार गेली. उभ्या माणसाचं छातीपासून मोजता येतं. बसलेल्याचे गुडघे पुढे असतात, कुणी पाय लांब करतं, कुणी खुर्चीवर मांडी घालतं. यंत्राचा ट्रेसुद्धा सांगाड्याच्या १८ सेंटिमीटर पुढे येतो आणि लायडार मात्र स्वतःच्या मध्यापासून मोजतो. शेवटी ठरलं: शरीराचा जो भाग सर्वांत पुढे आहे तिथपासून ट्रेच्या कडेपर्यंत. माणसाला काय टोचतं, तर ट्रेची कड. लायडारचा मध्य त्याला दिसतही नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या उशिराची. ‘थांब’ ऐकून बटण दाबेपर्यंत पाव सेकंद गेला तरी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने गाडा साडेबारा सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. वेग दुप्पट केला तर ही चूकही दुप्पट. मग वेगाचा परिणाम कुठला आणि आमच्या बोटांचा कुठला, हे वेगळं कसं काढणार? उपाय सोपा निघाला. फरशीवर दर १० सेंटिमीटरला मास्किंग टेप, बाजूला स्टँडवर मोबाइल. सेकंदाला ३० चित्रं मिळतात, म्हणजे त्या वेगाला एका चित्रात गाडा दोन सेंटिमीटरपेक्षा कमी सरकतो. हात वर झालेलं चित्र बघून अंतर वाचायचं.

यंत्राला सध्या एक विद्यार्थी पडद्याआडून रिमोटने चालवेल. तो समोर दिसला की सगळे त्याच्याशीच बोलतात, यंत्राकडे बघतच नाहीत. चाचणी संपल्यावर प्रत्येकाला तो कुठे बसला होता ते दाखवायचं आणि सगळं समजावून सांगायचं. लाल बटण पूर्ण वेळ आमच्यातल्या एकाच्या हातात. ज्यांची इच्छा नाही त्यांना दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

९ जुलै

केंद्रात पहिली चाचणी. पाऊस होता तरी मंडळी आली.

उंचीपासून सुरुवात केली. खांब १३० वर असताना जवळपास सगळ्यांनी गाडा लवकर थांबवला, ७० वर असताना बराच जवळ येऊ दिला. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरच्या आसपास असतात. त्याच्या वर काही गेलं की मान वर करावी लागते, आणि मान वर करायला लागली की हातही वर व्हायचा. १३० आणि ७० हे आकडे आमचे. मंडळींच्या बोलण्यात आलं ते “डोक्यावर येतंय”, “छातीशी येतंय”, “गुडघ्याएवढं आहे, येऊ दे”. गोदावरीच्या पुराचं पाणी नाशिककर जसं दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात, तशी ही माणसं यंत्राची उंची स्वतःच्या अंगावर मोजत होती. नोंदवहीत आता सेंटिमीटरशेजारी आणखी एक रकाना: त्या माणसाच्या कुठल्या अवयवापर्यंत यंत्र आलं.

बुटकं यंत्र बरं, असं म्हणून विषय मिटला असता. पण एका आजींनी ७० वाला गाडा अगदी गुडघ्यापाशी येऊ दिला, ट्रेकडे पाहिलं आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ट्रे तेव्हा ४५ सेंटिमीटरवर लावलेला होता. “पाणी असं पायाशी आणतात का रे? वर घे.” त्यांना भीती मुळीच वाटली नव्हती. पाण्याला पाय लागेल, याचा संकोच होता. अंतराच्या रकान्यात हे पकडता येत नाही: तिथे आकडा चांगला छोटा आहे आणि माणूस अवघडलेला आहे. आजपासून आकड्याबरोबर माणसाने पाय, हात, पाठ यांचं काय केलं तेही लिहायचं.

१० जुलै

कालच्यावर उपाय. ट्रे खुर्चीच्या हाताच्या थोडा वर, ७२ सेंटिमीटरवर. त्याच्या वर काहीही नाही, खांबाचं टोक कापून टाकायचं. डोळ्यांचे पॅनल ट्रेच्या पुढच्या कडेखाली.

१६ जुलै

वेग. सेकंदाला पाव मीटर आणि अर्धा मीटर असे दोनच ठेवले. एक मीटर वेगाने यंत्र अंगावर आलेलं लोकांना रुचत नाही, हे बटलर आणि आगा यांच्या २००१ च्या प्रयोगात दिसून आलंय. ऐंशीच्या घरातल्या माणसांवर ते पुन्हा तपासायचं मला कारण दिसत नाही.

अर्ध्या मीटरला पेल्यातलं पाणी हिंदकळतं. लोक यंत्र थांबवतात ते धडक बसेल म्हणून की पाणी सांडेल म्हणून, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारलं. दोन्ही उत्तरं आली. मग पेले रिकामे ठेवून पुन्हा तेच केलं तेव्हा काहींनी गाडा आणखी पुढे येऊ दिला. अंतर हे फक्त यंत्राच्या रूपाचं आणि चालीचं नसतं, त्याच्या हातात काय आहे याचंही असतं. हातात उकळता चहा असता तर ही मंडळी आणखी लांबूनच थांब म्हणाली असती, यात मला शंका नाही.

सगळ्यांना क्रम चिठ्ठ्या टाकून दिला. हे फार गरजेचं आहे. पहिल्या फेरीत माणूस जरा बिचकतोच, तिसऱ्या-चौथ्या फेरीत सैलावतो. सगळ्यांना आधी वेगवान आणि मग सावकाश दाखवलं असतं, तर सरावाने आलेली जवळीक आम्ही वेगाच्या खात्यात जमा केली असती.

२३ जुलै

डोळे. आजची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीचं वाचलेलं असं: अर्गाइल आणि डीन यांनी १९६५ मध्ये मांडलं की नजर आणि अंतर एकमेकांची भरपाई करतात. समोरचा रोखून बघायला लागला की आपण मागे सरकतो किंवा नजर वळवतो. रोबोटबाबत लीला ताकायामा आणि कॅरोलिन पँटोफारू यांनी २००९ मध्ये दाखवलं की रोबोटचं डोकं चेहऱ्याकडे वळलेलं असताना स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त अंतर राखतात. मम आणि मुटलू यांचा २०११ चा प्रयोगही बोलका आहे: रोबोट आधीच नावडता झाला असेल आणि वर तो जास्त बघायला लागला, तर माणसं आणखी लांब राहतात.

आमच्याकडे डोळे वर, चेहऱ्याकडे रोखलेले असताना एका काकूंनी गाडा दीड मीटरवरच थांबवला आणि पदर सावरला. डोळे ट्रेकडे खाली वळवले, तेव्हा त्याच काकूंनी तो हाताच्या टप्प्यात येऊ दिला. त्या म्हणाल्या, “आता कसं, काम करायला आल्यासारखा वाटतोय.” मुलांना हे अनपेक्षित होतं. डोळे दिले म्हणजे यंत्र प्रेमळ दिसेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. तीन मीटरवर डोळे वर असले तर बरे वाटतात, कारण हा आपल्याकडेच येतोय हे कळतं. जवळ आल्यावर मात्र नजर खाली हवी. आपल्या घरात पाहुण्याला पाणी देणारा असंच करतो की: दारातून पाहुण्याकडे बघतो, पेला पुढे करताना पेल्याकडे.

प्रोग्रॅममध्ये बदल: तीन मीटरवर एकदा चेहऱ्याकडे बघायचं, दोन मीटरच्या आत नजर ट्रेवर.

२८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. निम्मी मंडळी उपवास आणि देवदर्शनात. काम नाही. चाकांना नवे रबर चढवले.

३० जुलै

आवाज आणि दिशा.

गिअरच्या मोटारींची घरघर कमी करायला मुलांनी खूप खटपट केली होती, आणि आजचा गाडा खरंच निःशब्द चालत होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असलेले एक आजोबा पेपर तोंडासमोर धरून बसले होते. त्यांना गाडा कळला तो थेट गुडघ्यापाशी, आणि ते दचकले. पेपर खाली पडला. आम्ही लगेच थांबवलं, त्यांना पाणी दिलं, त्यांच्याशी बोलत बसलो. ते शांतपणे म्हणाले, “येताना जरा खाकरायला सांगा त्याला.” एवढं योग्य वाक्य आमच्या अहवालात एकही नाही. आता चालताना एक हलका, एकसारखा सूर आणि दोन मीटरवर एक घंटी. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मंडळींना तीव्र सूर टोचतात, म्हणून घंटी खालच्या पट्टीत.

दिशेचं हर्टफर्डशायरसारखंच आलं: तिथे बसलेल्या माणसांना थेट समोरून येणारा रोबोट सर्वांत कमी आवडला होता, डावी-उजवीकडून येणारा चालला. इथेही समोरून आला की पाय आवरले जातात. तिरका, एका बाजूने आला की माणूस हातातले पत्तेसुद्धा खाली ठेवत नाही. कुठल्या बाजूने? ज्या हाताने पाणी घेणार त्या बाजूने. एका काकांचा उजवा हात अर्धांगाने गेलाय. त्यांच्यासाठी डावीकडून. प्रत्येकाच्या खुर्चीसाठी ही बाजू नोंदवून ठेवायची.

६ ऑगस्ट

आज कळलेली गोष्ट गेल्या महिनाभराच्या सगळ्या मोजणीला वेगळं वळण देते.

सोयीचं अंतर आणि हाताचा पल्ला यांचं जमत नाही. काही मंडळी यंत्राला मीटरभर लांब ठेवतात. तेवढ्या अंतरावरचा पेला घ्यायचा तर त्यांना खुर्चीच्या कडेला सरकून पुढे झुकावं लागतं. तोल जाण्याची खरी भीती तिथे आहे. म्हणजे माणसाला बरं वाटतं तिथे थांबलो तर पाणी पोचत नाही. पाणी पोचतं तिथपर्यंत गेलो तर माणूस अवघडतो.

वाट दाखवली ती एका आजींनी. त्यांनी आयुष्यभर सिन्नरकडे गाई-म्हशी राखल्या. गाडा त्यांनी दीडेक मीटरवर थांबवला, मग स्वतःच तळहात पुढे करून म्हणाल्या, “ये, ये.” पडद्यामागच्या मुलाने गाडा अगदी सावकाश पुढे घेतला, आणि त्या तो थेट हाताशी येईपर्यंत बोलवत राहिल्या. पाय जागचे हलले नाहीत. मग आम्ही इतरांनाही हे करून बघायला सांगितलं. ज्या काकूंनी डोळ्यांमुळे गाडा लांब थांबवला होता, त्यांनीही स्वतः बोलावल्यावर तो जवळ येऊ दिला. तेच यंत्र, तीच उंची, तोच वेग. फरक इतकाच की शेवटचा टप्पा कुणाच्या मर्जीने झाला.

ताकायामा-पँटोफारू यांच्या प्रयोगात पाळीव प्राणी सांभाळलेली आणि रोबोटचा अनुभव असलेली माणसं यंत्राला जवळ येऊ देतात असं दिसलं होतं. आमच्याकडे सातपूरच्या कारखान्यात टर्नर म्हणून निवृत्त झालेले एक काका पहिल्याच दिवशी गाड्यावर हात ठेवून कपलिंग तपासायला लागले होते. ते आणि या आजी, दोघांनाही समोरच्याला आवरण्याची सवय आहे. मला वाटतं जवळीक त्या आवरता येण्यातून येते. हा हक्क ज्यांनी यंत्रं किंवा जनावरं हाताळली नाहीत त्यांनाही द्यायला हवा, आणि तो यंत्राच्या रचनेतच द्यायला हवा.

११ ऑगस्ट

तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबकच्या बसना तुडुंब गर्दी. दोन विद्यार्थी फेरीला गेलेत. उरलेल्यांनी दोन टप्प्यांचा प्रोग्रॅम लिहिला. पहिला टप्पा: सव्वा मीटरवर, तिरकं, नजर खाली ठेवून थांबायचं. दुसरा: माणसाने तळहात पुढे केला किंवा ‘ये’ म्हटलं तरच सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने पुढे. तळहात मागे गेला की जागीच थांब. अर्धा मिनिट काहीच खूण मिळाली नाही तर मुकाट्याने परत जायचं.

१८ ऑगस्ट

पडद्याशिवाय, स्वतःच्या बळावर पाणक्या पहिल्यांदा चालला. तळहाताची खूण कॅमेऱ्याला खिडकीच्या उजेडाविरुद्ध दिसत नाही. खुर्च्यांची रांग फिरवली. ‘ये’ हा शब्द भजन चालू असताना ऐकू येत नाही, तिथे तळहातावरच विसंबायचं. ज्यांचा हात उचलत नाही त्यांच्यासाठी खुर्चीच्या हाताला एक मोठं बटण.

नवीन तक्रार एकच आली, आणि ती रास्त आहे. पाणी घेतल्यावर गाडा तिथल्या तिथे गिरकी घेतो आणि त्याची मागची कड गुडघ्याजवळून फिरते. येताना इतका जपून येणारा जाताना अंग घासून जातो, असं पाय ओढून घेणाऱ्या त्याच आजी म्हणाल्या. आम्ही येण्याचंच अंतर मोजत होतो, निघण्याचं मोजलंच नव्हतं. उद्यापासून निघतानाही टेपवर नोंद घ्यायची. तोवर: पेला उचलला गेला की आधी ८० सेंटिमीटर सरळ मागे, आणि मग वळण.